ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याकडून शिकताना
(आरमोरी येथे विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



 ‘समावेशन’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत आता रुळला आहे. तो केवळ वाचून उमगत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणत्याही रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग डोळ्यांसमोर आणा. दारातून नाव पुकारले जाते. कर्णबधिर रुग्ण बाकावर बसून राहतो आणि मागाहून आलेले तपासून घेऊन घरी जातात. आत गेल्यावरही डॉक्टर बोलतात ते बहुधा सोबतच्या नातेवाइकाशी. रुग्ण गर्भवती स्त्री असेल, तर पाळीची तारीख सासू सांगते, कोठे दुखते ते पती सांगतो. संमतिपत्रावर अंगठा मात्र तिचा घेतला जातो. तिला एखादी गोष्ट घरच्यांना वगळून सांगावयाची असेल, तर ती तिने कोणत्या मार्गाने सांगावी?

याच वनप्रदेशात, वरोऱ्याला, बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीचे आनंदवन आहे. कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या त्या वसाहतीत पुढे अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळाही निघाल्या. १९६७ पासून मूल तालुक्यातील सोमनाथ येथे तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरू लागल्या. तरुणांना तेथे बोलावले ते सोबत घाम गाळण्यासाठी. कळवळा व्यक्त करण्यापुरते नव्हे. कर्णबधिरांना भेटतानाही हीच रीत योग्य होय. आनंदवनात दोन कर्णबधिर व्यक्ती आपसांत हातांनी झरझर बोलू लागतात, तेव्हा ऐकू येणारा पाहुणा बावरून जातो. त्या घडीला दुभाष्याची गरज त्याला असते.

पुष्कळांना वाटते की कर्णबधिर माणूस ओठ पाहून सारे समजून घेतो. आपण आरशासमोर ‘बाळ’ आणि ‘माळ’ म्हणून पाहावे. ओठ अगदी सारखेच मिटतात. २०२० साली मुखपट्टी आली आणि तेवढाही आधार गेला. आणखी एक गोष्ट. ‘मूकबधिर’ हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे खरा, परंतु बहुतेक कर्णबधिरांचा कंठ निरोगी असतो. जे कानी पडले नाही, ते जिभेवर येत नाही, इतकेच. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नवाचक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते. ‘तुमचे नाव काय’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ती फार परकी वाटू नये! मात्र खेड्यापाड्यांतील ज्या मुलाने शाळा पाहिली नाही, त्याच्याजवळ ही भाषाही नसते. घरापुरत्या चार खुणा असतात, आणि त्या आईवाचून कोणाला कळत नाहीत.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने आरोग्यसेवा अडथळ्यांविना मिळणे हा हक्क ठरविला. सांकेतिक भाषेसाठी २०१५ साली दिल्लीत स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. तिचा शब्दकोश २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर पोहोचला.

आपणांपैकी ज्या परिचारिका होणार आहेत, त्यांनी एवढे ध्यानी धरावे. बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. ‘आमच्या घरी सारेच उशिरा बोलतात’ असे आजी म्हणाली, तरी चाचणी टाळू नये. भाषा शिकण्याची ती वर्षे पुन्हा मिळत नाहीत. वाहणारा कान, मेंदूज्वर, जन्मानंतरची तीव्र कावीळ यांची नोंद अवश्य ठेवावी.

यापुढील तास आमच्या हाती नाही. आपले कर्णबधिर पाहुणे तो आवाजाविना घेणार आहेत. कृपया रांगा मोडून गोलाकार बसा, म्हणजे सर्वांचे हात सर्वांना दिसतील. खिडकीकडे पाठ करून बसू नका. उजेड आपल्या चेहऱ्यावर पडू द्या.