अयोध्येवर पंजाबी पलटणी

सत्तावनचा धडा चालू असताना एखादा चौकस मुलगा विचारतोच : पंजाब तर कंपनीने २९ मार्च १८४९ रोजी गिळला होता. मग आठ वर्षांत तिथलेच शीख, पठाण नि पंजाबी मुसलमान अयोध्येच्या बंडखोर तालुकदारांवर कसे चालून गेले? गुरुजींनी ‘फितुरी’ एवढ्या एका शब्दावर मोकळे होऊ नये.

पंजाब जिंकायला कंपनीच्या पलटणींत गोऱ्यांबरोबर शिपाई कोण होते? बहुतेक अयोध्या-बिहारकडचे पुरबिये! सोब्रांवला, गुजरातला (हे गुजरात पंजाबातले बरं का, आपल्या शेजारचे नव्हे) शीख फौज त्यांच्याशीही लढली. पुढे हेच पुरबिये पंजाबात ठाणी धरून बसले. तो सल ताजा होता. त्यात शीख फौज मोडलेली, तलवारीवर पोट भरणारा गडी घरी बसलेला. जॉन लॉरेन्सने पगार पुढे केला, लुटीची आशा होतीच. पलटणी उभ्या राहिल्या.

तालुकदारांचे दुखणे निराळे. १८५६ त अयोध्येचे राज्य खालसा झाले आणि नव्या सारापद्धतीत अनेकांची पिढीजाद गावे गेली. शंकरपूरचा बेनी माधो तर अखेरपर्यंत शरण आला नाही. मार्च १८५८ मध्ये लखनौ पडले.

आता गंमत पाहा. शरण आलेल्या बहुतेक तालुकदारांना इंग्रजांनी सनदा देऊन गावे परत केली. बंगालच्या फौजेत मात्र पुरबियांची जागा हळूहळू पंजाब्यांनी घेतली.