आवाजाच्या पलीकडचे गीलगुड



ॲटनबरोंच्या १९८२ सालच्या ‘गांधी’ चित्रपटात मिठाच्या सत्याग्रहाची काडीचीही किंमत न करणारे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असतील. ज्या चित्रपटात आपल्या रोहिणी हट्टंगडी कस्तुरबा झाल्या, त्यातलीच ही छोटी भूमिका. ती करणाऱ्या नटाने तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती आणि रंगभूमीवर येऊन त्याला सुमारे साठ वर्षे झाली होती. त्या सर जॉन गीलगुड यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १९०४ चा, लंडनचा. नाटक आईकडून आले. व्हिक्टोरियन रंगभूमी गाजवणाऱ्या एलन टेरी या त्यांच्या आजीच्या सख्ख्या बहीण. पण घराण्याचा वारसा असला म्हणजे अंगात अभिनय येतोच असे नाही. ते नाट्यशिक्षण घ्यायला गेले तेव्हा त्यांच्या शिक्षिका लेडी बेन्सन यांनी तोंडावर सांगितले, की तुझी चाल मुडदूस झालेल्या मांजरासारखी आहे. हा घाव त्यांच्या मनात खोल गेला. आपले शरीर अवघडलेले आहे, ही जाणीव त्यांना पुढे अनेक वर्षे छळत राहिली. मग सगळी भिस्त आली आवाजावर.

१९२१ साली लंडनच्या ‘ओल्ड विक’ नाट्यगृहात ‘पाचवा हेन्री’ नाटकात त्यांना पहिली भूमिका मिळाली, अवघ्या एका वाक्याची. त्याच ‘ओल्ड विक’मध्ये १९३० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते हॅम्लेट झाले. पुढे लंडन, न्यूयॉर्क आणि युद्ध संपल्यावर सैनिकांसाठी काढलेला पूर्वेकडच्या देशांचा दौरा, असे मिळून त्यांनी पाचशेहून अधिक वेळा हॅम्लेट केला. त्यांची ध्वनिमुद्रणे लक्ष देऊन ऐका. ओळ संपली म्हणून ते थांबत नाहीत. अर्थ जिथे पुरा होतो तिथपर्यंत एका दमात जातात, आणि त्या वेगातही एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येते. संगीत नाटके ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हा दमसास समजावून सांगायची गरज नाही.

१९३५ साली ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये त्यांनी आणि लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी रोमिओ आणि मर्क्युशिओ या भूमिका आलटूनपालटून केल्या. ऑलिव्हिए अंगाने, रक्तामांसाने रोमिओ करत; गीलगुड शब्दांनी. कोण मोठा, हा वाद तेव्हापासून सुरू झाला. टायनन या समीक्षकाने तर गीलगुडना मानेपासून वर तेवढा सर्वश्रेष्ठ नट ठरवून टाकले. स्तुतीत दडलेला हा डंख खराच होता, असे मला वाटते.

१९५३ साली ते ‘सर’ झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली. पुरुषांमधले समलैंगिक संबंध इंग्लंडात तेव्हा गुन्हा होते. तो कायदा सैल झाला १९६७ मध्ये. दहा पौंड दंड झाला आणि वर्तमानपत्रांनी तो चव्हाट्यावर मांडला. त्यानंतर लिव्हरपूलला नव्या नाटकाचा प्रयोग होता. विंगेत ते थिजून उभे राहिले, पाऊल पुढे पडेना. तेव्हा सिबिल थॉर्नडाइक या ज्येष्ठ अभिनेत्रीने त्यांना हाताला धरून रंगमंचावर आणले. प्रेक्षक उभे राहिले आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्रेक्षक म्हणून आपण किती मोठे होऊ शकतो, हे त्या गावाने दाखवले.

पुढची दहापंधरा वर्षे अवघड गेली. ‘रॉयल कोर्ट’ नाट्यगृहात संतापलेल्या तरुण नाटककारांचे युग सुरू झाले होते. ऑलिव्हिए १९५७ साली त्यांच्यापैकी ऑस्बर्नच्या नाटकात उतरून त्यांच्यात सामील झाले. गीलगुड बाहेरच राहिले. साठी ओलांडल्यावर मात्र त्यांनी जे केले, त्यासाठी मी आज इथे उभा आहे. १९६८ मध्ये ॲलन बेनेटचे नाटक, १९७० मध्ये डेव्हिड स्टोरीचे ‘होम’. ‘होम’मध्ये ते आणि राल्फ रिचर्डसन, दोन म्हातारे, बागेतल्या खुर्च्यांवर बसून हवापाण्याच्या अर्ध्यामुर्ध्या गप्पा मारतात, आणि ही जागा म्हणजे मनोरुग्णालय आहे हे प्रेक्षकाला हळूहळू कळते. ज्या नटाने आयुष्यभर शेक्सपिअरची लांबलचक स्वगते म्हटली, त्याच्या वाट्याला आता दोन-दोन शब्दांची तुटकी वाक्ये आली. आणि ती त्याने पेलली.

१९७५ साली नाटककार पिंटरच्या ‘नो मॅन्स लँड’मध्ये ते स्पूनर झाले. हा फाटका, लाचार, तरी ऐट न सोडणारा कवी. त्याचे रूप त्यांनी स्वतः शोधले, काहीसे ऑडेन या कवीवरून: चुरगळलेला सूट, मोजे आणि त्यावर सँडल. ज्या पायांना लेडी बेन्सननी नावे ठेवली, ते पाय आता भूमिका सांगू लागले. माझ्या मते त्यांचा स्पूनर त्यांच्या हॅम्लेटपेक्षा मोठा आहे. हॅम्लेट त्यांना उपजत आवाजाने मिळवून दिला. स्पूनर त्यांनी सत्तरीत, नव्याने शिकून कमावला.

नंतरचे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आर्थर’ चित्रपटातल्या बटलरसाठी ऑस्कर, १९८८ मध्ये शेवटचे नाटक, १९९१ च्या ‘प्रॉस्पेरोज बुक्स’ चित्रपटात सत्त्याऐंशीव्या वर्षी प्रॉस्पेरो. २००० साली डेव्हिड मॅमेट यांनी बेकेटच्या ‘कॅटॅस्ट्रॉफी’ या नाटकाचे चित्रीकरण केले, त्यात त्यांना एकही शब्द नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २१ मे रोजी ते गेले. वय शहाण्णव.

इथे हौशी आणि व्यावसायिक, दोन्ही रंगभूमींवरचे तरुण नट बसले आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. ‘एजेस ऑफ मॅन’ या त्यांच्या एकपात्री शेक्सपिअरचे ध्वनिमुद्रण आधी ऐका. मग ‘नो मॅन्स लँड’चे १९७८ सालचे दूरचित्रवाणीवरचे रूप मिळवून पाहा. याच क्रमाने.