गुणवंतांचा अभ्यास

(मुलुंड येथील एका महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या गुणवंत विद्यार्थ्यांसमोर एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा संपादित भाग.)



आपल्यापैकी बहुतेकांनी बारावीच्या परीक्षेत नव्वद टक्क्यांच्या आसपास गुण मिळविले आहेत. घरोघरी पेढे वाटून झाले आहेत. अशा मुलांना अभ्यास कसा करावा हे सांगण्याची गरज ती काय, असे आपणांस वाटत असल्यास त्यात नवल नाही. परंतु उपनगरांतील महाविद्यालयांत ३७ वर्षे शिकविताना मला जे दिसले ते वेगळे आहे. पहिल्या सत्रात अडखळणाऱ्यांत शाळेत पहिले येणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. त्यांची बुद्धी काही दोन महिन्यांत कमी होत नाही. शाळेत फळाला आलेली सवय येथे पुरी पडत नाही, एवढेच. आणि ही सवय बदलावयास हवी, हे त्यांना कोणी सांगत नाही. कारण हुशार मुलाला काय सांगायचे!

मी त्यांतलाच एक. घाटकोपरच्या चाळीत वाढलो. पहिल्या सत्र परीक्षेत मला गणितात १०० पैकी ३१ गुण मिळाले. पुस्तक मी चार वेळा वाचले होते आणि सोडविलेले प्रत्येक उदाहरण वाचताना ‘हे येते’ असे वाटत होते. कोरा कागद समोर आला आणि हात चालेना. वडिलांना तो आकडा मी दोन आठवडे सांगितला नव्हता.

‘येते असे वाटणे’ आणि ‘येणे’ यांतील अंतर हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या प्रश्नावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ८३ टक्के मजकूर आठवला, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. एका आठवड्याने मात्र चित्र पालटले : वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि लिहिणारे ६१ टक्क्यांवर राहिले. विशेष हे की, आपल्याला अधिक आठवेल असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. पुनःपुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा होतो आणि ओळखीलाच आपण ज्ञान समजतो.

म्हणून धडा एकदा नीट वाचल्यावर पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर लिहून पाहावे. जे आठवत नाही, तेथेच पुस्तक उघडावे. हे काम जड जाते, मनाला अपमानास्पदही वाटते, आणि गुणवंताला ते अधिकच झोंबते. चुकण्याची त्याला सवय नसते. दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने तोच धडा पुन्हा आठवून पाहावा. विस्मरण कसे होत जाते याची मोजमापे जर्मन अभ्यासक एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून प्रसिद्ध केली होती. पहिल्या काही तासांतच विस्मरणाचा वेग सर्वाधिक असतो.

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे धिम्या लोकलमध्ये जाताना एक तास व येताना एक तास जातात. गर्दीच्या वेळी पुस्तक उघडणे राहो, हात वर करणेही कठीण. याबद्दलची तक्रार मी शेकडो वेळा ऐकली आहे आणि ती खरी आहे. परंतु आठवून पाहावयास पुस्तक लागत नाही. काल झालेल्या तासाचे मुद्दे अंधेरी ते वांद्रे या टप्प्यात मनाशी मांडता येतात. जो मुद्दा निसटला तो उतरल्यावर वहीत पाहता येतो. माझी एक विद्यार्थिनी सेंद्रिय रसायनातील अभिक्रिया स्थानकांच्या क्रमाने आठवीत असे. भांडुपला कोणती, कांजूरमार्गला कोणती, हे तिला ठरलेले होते. (एकदा विक्रोळीला उतरावयाचे राहून ती कुर्ल्याला पोहोचली, हेही सांगितले पाहिजे.)

गणित व पदार्थविज्ञानाविषयी एकच सूचना. एकाच प्रकारची वीस उदाहरणे ओळीने सोडवू नका. निरनिराळ्या प्रकरणांतील उदाहरणे मिसळून घ्या. परीक्षेत, आणि पुढे व्यवसायातही, कोणती रीत लावावयाची हे ठरविणे हेच निम्मे काम असते.

‘नाईट मारणे’ हा शब्द आपण अभिमानाने उच्चारता. दिवसा शिकलेले स्मरणात स्थिर होण्याचे बरेचसे काम झोपेत होते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप गमावणे म्हणजे हातचे सोडणे होय.

येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेची आठवण होते. परळच्या चाळीत एकच खोली, त्यातच स्वयंपाक, त्यातच सारे कुटुंब. त्यांचे वडील रामजी त्यांना लवकर निजवीत आणि स्वतः जागून रात्री दोनच्या सुमारास उठवीत. मग दिव्याच्या उजेडात, सारी चाळ निजलेली असताना, भीमरावांचा अभ्यास चाले. याच विद्यार्थ्याने १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. आणि पुढे कोलंबिया व लंडन येथील पदव्या मिळविल्या. यावरून आपण रात्रभर जागावे असा अर्थ काढू नका. ते आधी झोपत असत. घरात जागा नव्हती म्हणून वडिलांनी वेळ वाटून दिली, ही गोष्ट मला मोठी वाटते.

आजही या सभागृहातील कित्येकांच्या घरी स्वतंत्र टेबल नाही, आणि दूरचित्रवाणी व मोबाइलचा आवाज रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. त्यांना मी वर सांगितलेल्या युक्त्या निम्म्याच उपयोगी पडतील. उरलेली गरज जागेची आहे. उपनगरांत अनेक ठिकाणी सार्वजनिक अभ्यासिका आहेत, त्यांची चौकशी आजच करा. परंतु परीक्षेच्या दिवसांत तेथे खुर्ची मिळावयास पहाटे रांग लावावी लागते. म्हणून प्राचार्य महोदयांना माझी विनंती आहे : महाविद्यालयाचे वाचनालय सायंकाळी पाचला बंद होते, ते रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. देखरेखीसाठी माणूस नाही ही अडचण मला ठाऊक आहे. मी मुलुंडमध्येच राहतो. आठवड्यातून तीन दिवस तेथे येऊन बसावयास मी तयार आहे.