मसुदा आणि त्याचा वाचक



स्नेहसंमेलनात वार्षिक अहवालाचे वाचन हा पारितोषिक वितरणापूर्वी निमूटपणे सोसावयाचा भाग मानला जातो. परंतु पदवीनंतरच्या बहुतेक व्यवसायांत जे लिहावे लागते, ते कथा-कवितेपेक्षा या अहवालाच्याच कुळातले असते. अहवाल, प्रस्ताव, माहितीपुस्तिका, परिपत्रक यांना व्यावसायिक लेखन म्हणतात, आणि त्याचा वाचक रसास्वादासाठी नव्हे, तर निर्णय घेण्यासाठी किंवा हातातले काम उरकण्यासाठी वाचत असतो. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत हे लेखन कार्यशाळा-पद्धतीने शिकवले जाते. येथे कार्यशाळा म्हणजे चहापान आणि प्रमाणपत्राने संपणारा एकदिवसीय उपक्रम नव्हे. विद्यार्थ्याने कच्चा मसुदा आधी वर्गात वाटावा, सहाध्यायांनी त्यावर बोलावे आणि त्यानंतर लेखकाने तो पुन्हा लिहावा, असा सत्रभर चालणारा तो अभ्यासक्रम असतो.

या पद्धतीचा उगम ललित लेखनात आहे. हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर यांनी १९१२ च्या सुमारास ‘४७ वर्कशॉप’ सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्यांची नाटके निवडक प्रेक्षकांपुढे सादर होत आणि प्रत्येक प्रेक्षकाने आपला अभिप्राय लेखी द्यावा, अशी अट असे. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे यूजीन ओनील हे बेकर यांचेच विद्यार्थी. आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ मध्ये उभी राहिली आणि तिच्या प्रभावाने रूढ झालेल्या पद्धतीत चर्चा चालू असताना लेखकाने गप्प बसावे, हा संकेत पडला. या संकेतावर अलीकडे बरीच टीका झाली आहे, व ललित लेखनापुरती ती रास्तही असावी. व्यावसायिक लेखनात मात्र या मौनाचे समर्थन सोपे आहे, कारण कार्यालयात पोहोचलेल्या अहवालाबरोबर तो समजावून सांगणारा लेखक जात नाही.

मौन पाळणाऱ्या लेखकाला वर्गात नेमके काय दिसते, हे समजण्यासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठातील लिंडा फ्लॉवर यांनी १९७९ मध्ये मांडलेला भेद उपयोगी पडतो. लेखकाला गोष्टी ज्या क्रमाने सुचल्या वा सापडल्या, त्याच क्रमाने मांडलेल्या मजकुराला त्यांनी लेखककेंद्री गद्य म्हटले. वाचकाला ज्या क्रमाने त्या हव्या असतात, त्या क्रमाने रचलेले ते वाचककेंद्री गद्य. पहिला मसुदा लेखककेंद्री असणे हा दोष नव्हे, कारण विचार करण्याची ती एक स्वाभाविक पायरी आहे. दोष तो तसाच पाठवून देण्यात आहे.

या भेदाचे गंभीर उदाहरण कोलंबिया अंतराळयानाच्या दप्तरात सापडते. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला आणि १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान भंगून कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचे विश्लेषण सादर केले होते. त्यातील एका पारदर्शिकेचे शीर्षक वाचणाऱ्याला धीर देणारे होते, तर निर्णयाला सर्वांत आवश्यक असलेली बाब, म्हणजे चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा आणि प्रत्यक्षातला अंदाजे १९२० घनइंचांचा, ही अगदी तळाशी, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात दडली होती. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टे यांनी या पारदर्शिकेची केलेली चिरफाड चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या आपल्या अहवालात समाविष्ट केली आणि ही पारदर्शिका वाचून एखाद्या वरिष्ठ अधिकाऱ्याला जीविताचा धोका जाणवला नसता, हे सहज समजण्यासारखे आहे, असा अभिप्राय नोंदवला. दुर्घटनेची कारणे अनेक होती, तेव्हा तिचे खापर एका पानावर फोडणे अन्यायाचे होईल. तरीही सहाशे चाळीस पटींचा फरक तळाशी जातो, तो लेखकाला माहीत नसतो म्हणून नव्हे, तर त्याच्या विचारक्रमात तो शेवटी आलेला असतो म्हणून. कार्यशाळेत असे पान पुन्हा लिहावयास घेतले की बहुतेक वेळा वाक्ये सुधारण्यापेक्षा त्यांच्या जागा बदलण्यातच सत्राचा अधिक वेळ जातो, आणि तो तसाच जाणे योग्य आहे.

या पद्धतीची मर्यादाही उघड आहे. सहाध्यायी हे खरे वाचक नसतात. त्यांना विषय ठाऊक असतो, मैत्री सांभाळायची असते आणि ‘छान झाले आहे’ हे तीन शब्द सर्वांनाच सोयीचे असतात. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात मसुदा वर्गाबाहेर नेला जातो: ज्याला तो खरोखर वापरायचा आहे, त्याच्या हाती तो देऊन, वाचताना मनात येईल ते मोठ्याने बोलावयास सांगून, लेखकाने केवळ टिपणे घ्यावीत, अशी ही चाचणी असते. तिच्यासाठी महाविद्यालयाला वेगळी यंत्रणा लागत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी नव्याने लिहावी, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने ती वाचत अर्ज भरावा, आणि तो जेथे अडखळेल, ते वाक्य त्याच दिवशी पुन्हा लिहावयास घ्यावे.