पाळणाघरातली पोटं
(महिला मंडळाच्या सभेतील भाषण)

तळमजल्यावरचं पाळणाघर मी चालवते, त्यामुळे तुमच्यापैकी बऱ्याच घरांतले डबे मी उघडलेत.

दोन वर्षांची एक मुलगी. जुलाब थांबले, तरी दूध प्यायली की पोट फुगायचं, आंबट वासाची पातळ शी व्हायची. आजी म्हणाल्या, "दुधाची अ‍ॅलर्जी आहे, बंदच करा." मीही मान डोलावली. चुकलंच माझं. डॉक्टरांनी सांगितलं, जुलाबात आतड्याचं अस्तर दुखावतं, दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज काही दिवस कमी पडतं. दहीभात तिला चालला, आणि काही आठवड्यांत दूधही पचू लागलं.

खरी अ‍ॅलर्जी वेगळी. शेंगदाणा, अंडं, दूध यांनी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. श्वास लागला तर मी आधी मुलाला घेऊन दवाखाना गाठणार, फोन नंतर. तेव्हा रागावू नका.

"सगळं खातो हो" एवढं मला पुरत नाही. नवीन पदार्थ पहिल्यांदा घरीच द्या. जुलाब असतील तर मूल घरी ठेवा; रजा मिळत नाही हे कळतं मला, पण एकाचे जुलाब बाकीच्यांना व्हायला वेळ लागत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात, पेल्यात अंदाजाने नको. डॉक्टरांनी झिंक 14 दिवस सांगितलं तर 14 दिवसच द्या.

सोमवारपासून दाराशी वही ठेवतेय. काय खाल्लं, शी कशी झाली, दोन ओळी लिहा. पेन दोरीने बांधलंय, आधीचं कुणीतरी नेलं.