हट्टी वण



शिवडी म्हटले की क्षयरोगाचे इस्पितळ आठवते. या क्षयापासून तान्ह्या मुलांना जपण्यासाठी डाव्या दंडावर बी.सी.जी.ची लस टोचतात. तिचा वण बहुतेकांचा लहानच राहतो. एखाद्याचा मात्र फुगतो, खाजतो, मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतो. कान टोचल्यावर, भाजल्यावरही असे होते. हाच केलॉइड. तो कर्करोग नव्हे, सांसर्गिकही नव्हे. जखम भरली तरी कातडीत तंतू तयार होणे थांबत नाही, एवढेच.

मग कापून टाकावा, असे तुम्ही म्हणाल. तिथेच फसगत होते! नुसता कापलेला वण पुष्कळदा परत येतो, कधी पहिल्याहून मोठा. म्हणून डॉक्टर दोन-तीन उपाय जोडून देतात. ट्रायॅम्सिनोलोनचे इंजेक्शन ४ ते ६ आठवड्यांनी वणातच देतात. जोडीला फ्लुओरोयुरॅसिल, नाहीतर द्रव नायट्रोजनने गोठवणे. कापलाच, तर एक-दोन दिवसांत किरणोपचार. मुलांना आणि गरोदर बाईला मात्र तो सहसा टाळतात. पुढे सिलिकोनची पट्टी रोज १२ तासांहून अधिक, कित्येक महिने लावायची. इथे घाई उपयोगाची नाही.

घरी चुना लावू नका, डाग देऊ नका. नवी जखम म्हणजे नव्या वणाला आमंत्रण. गुरुजी, असा वण असलेल्या मुलाला वर्गात कोणी चिडवीत असेल, तर हे चार शब्द जरूर सांगा. आणि वणाच्या भीतीने बाळाची लस कुणी चुकवू नका. वणावर इलाज आहे. क्षयाला दार उघडून देणे महागात पडेल.