फुटके कौल कोणाच्या माथी?

पाचगणीचा पावसाळा सरला की कौलांवर आणि जांभ्याच्या भिंतींवर शेवाळाचा हिरवा थर उरतो. मग शाळांच्या वसतिगृहांत, जुन्या बंगल्यांत साफसफाईचे काम निघते. शिडी लागते, फवारा सुटतो, आणि एखादे मंगळुरी कौल पायाखाली कडकन फुटते. पैसे कोणी द्यायचे?

कंत्राटदार म्हणतो, 'गड्याचा पाय पडला.' पण कामावर असताना गड्याच्या चुकीने झालेले नुकसान कायदा कंत्राटदाराकडेच मागतो. निष्काळजीपणे केलेले काम म्हणजे कराराचा भंगच. तेथे 1872 च्या करार कायद्याचे 73 वे कलम लागते. भंगामुळे ओघाने झालेले नुकसान भरून मिळते, दूरान्वयाचे मिळत नाही. शिवाय ते आवरण्याचा कोणता उपाय हाताशी होता, हेही पाहतात. दिवाळीत फुटलेले कौल घरमालकाने दिसत असूनही वैशाखापर्यंत तसेच ठेवले आणि वळवाने आतले सामान भिजवले, तर तो सगळा भार कंत्राटदारावर कसा टाकणार?

खरे भांडण मात्र निराळेच असते. कौल आधीच तडकलेले होते की नाही? तेव्हा शिडी लावण्यापूर्वी दोघांनी मिळून छप्पर बघा, तडे मोजा. आता फोन खिशात असतोच, छायाचित्रे काढा. जांभा सच्छिद्र; त्यावर जोराचे यंत्र चालवायचे की नुसता ब्रश, तेही ठरवा. आणि चार ओळी लिहा. गुरुजी, येथे तुमची मदत हवी. कागदाच्या दोन प्रती करा, दोन्हींवर दोघांच्या सह्या घ्या, आणि मगच शिडी लावा.